गोठ्यातल्या गोष्टी ऐकणारा डॉक्टर

२०२२ चं वर्ष शहापूर-मुरबाडकडच्या मंडळींना चांगलंच आठवत असेल. फेब्रुवारीत वेहळोलीच्या एका पोल्ट्रीत शंभरेक कोंबड्या पटापट मेल्या. नमुने पुण्याला गेले, बर्ड फ्लूचा रिपोर्ट आला आणि एक किलोमीटरच्या टापूतले साधारण २५ हजार पक्षी मारायचं ठरलं. त्याला सहा महिने होतात न होतात तोच जळगाव जिल्ह्यातून लम्पीची बातमी आली. मग राज्यभर गुरांचे बाजार बंद, गुरांची वाहतूक बंद आणि गावोगाव लसीकरण. पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं आइस बॉक्स घेऊन पाड्यापाड्यावरच्या गोठ्यांत शिरली. घरी गाय-बैल असतील तर त्या दिवशी दावं धरून तुम्हीच उभे राहिला असाल.

तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचलं होतं का? त्यावर लम्पीचं नाव नव्हतं. ती लस होती ‘गोट पॉक्स’ची, म्हणजे शेळ्यांना होणाऱ्या देवीची.

शेळीची लस गायीला? गडबडीत चुकून दिली? अजिबात नाही, मुद्दाम दिली आणि तिचा उपयोगही झाला. एका जनावराच्या व्हायरसचा वापर करून दुसऱ्याला वाचवायची ही युक्ती सव्वादोनशे वर्षं जुनी आहे. ती पहिल्यांदा नीट तपासून जगापुढे मांडली एका खेडेगावातल्या डॉक्टरने. शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकला जातो: देवीची लस, एडवर्ड जेनर, १७९६. आता जरा सावकाश भेटू. आपल्याच वयाचा असल्यापासून भेटणार आहोत, म्हणून त्याला अरे-तुरेच करू.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात सेव्हर्न नदीच्या काठी बर्कली नावाचं छोटं गाव आहे. हिरवी कुरणं, गायी, दूध आणि चीजचा धंदा. तिथे १७ मे १७४९ ला एडवर्ड जन्मला, नऊ भावंडांतला आठवा. वडील चर्चमध्ये पाद्री. पोरगा पाच वर्षांचा असताना आई-वडील दोघंही गेले आणि मोठ्या भावंडांनी त्याला वाढवलं.

आठव्या वर्षी त्याच्या वाट्याला जे आलं ते समजून घ्यायला आधी देवीचा रोग समजून घ्यावा लागेल. आपल्या पिढीला ‘देवी’ म्हटलं की नवरात्र आठवतं. पणजीला विचारलं असतं तर तिने हात जोडले असते. ताप, मग अंगभर पूवाले फोड, आणि शंभरातली वीस-तीस माणसं जायचीच. जी वाचायची त्यांचा चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा व्हायचा, कित्येकांचे डोळे जायचे. एक मात्र सगळ्यांना माहीत होतं: एकदा देवी येऊन गेली की ती पुन्हा येत नाही. म्हणून भारतात, चीनमध्ये, तुर्कस्तानात लोक मुद्दाम थोडीशी देवी ‘लावून’ घ्यायचे. सौम्य आजारी माणसाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा. तुर्कस्तानात हे पाहिलेल्या मेरी वॉर्टली माँटेग्यू या बाईंनी १७२१ च्या सुमारास ते इंग्लंडमध्ये रुजवलं. ह्यातही शंभरात एक-दोघं दगावत आणि टोचलेला माणूस इतरांना खरीखुरी देवी देऊ शकत असे. पण वीस-तीसपेक्षा एक-दोन परवडले, असा सरळ हिशोब होता.

छोट्या एडवर्डलाही अशीच देवी टोचली. तयारी म्हणून आधी त्याला कित्येक दिवस अर्धपोटी ठेवलं, रक्त काढलं, जुलाब दिले आणि मग टोचून इतर मुलांबरोबर एका तबेल्यात डांबलं. फोड सुकेपर्यंत बाहेर यायचं नाही. तो वाचला, पण त्यानंतर बरीच वर्षं त्याला धड झोप लागत नसे आणि अचानक मोठा आवाज झाला तर तो दचकायचा, असं सांगतात. पुढे हाच माणूस टोचणीचा सोपा मार्ग शोधायला निघाला. ह्यात त्या तबेल्याचा हात नसेलच असं मला तरी म्हणवत नाही.

त्या काळी नीट नव्हती आणि एमबीबीएसही नव्हतं. तेरा-चौदा वर्षांचा असताना एडवर्ड जवळच्या गावातल्या एका सर्जनकडे उमेदवारीला लागला, आणि सात वर्षं पट्ट्या बांधत, औषधं कुटत शिकला. एकविसाव्या वर्षी, १७७० मध्ये, तो लंडनला गेला आणि त्याला गुरू भेटला जॉन हंटर. हा त्या काळचा नावाजलेला सर्जन. घरात प्राण्यांचे सांगाडे, अंगणात जिवंत प्राणी आणि डोक्यात अखंड प्रश्न. नुसते तर्क लढवत बसू नका, करून बघा, ही त्याची शिकवण. ती एडवर्डने आयुष्यभर धरून ठेवली.

लंडनमध्ये चमकायची संधी चालून आली होती. कॅप्टन कुक १७७१ ला पहिल्या सफरीवरून परतला तेव्हा जोसेफ बँक्स या निसर्गअभ्यासकाने आणलेले नमुने लावण्याचं काम एडवर्डला मिळालं. ते त्याने इतकं चोख केलं की कुकच्या दुसऱ्या सफरीवर येतोस का, अशी विचारणा झाली म्हणतात. पॅसिफिक महासागर, नवी बेटं, नवे प्राणी! आणि हा गडी काय म्हणाला? नको. शिक्षण संपताच तो सरळ बर्कलीला परत आला.

रोज पहाटे आसनगावहून लोकल पकडून शहराकडे जाणाऱ्यांना हे पटायला जड जाईल. डिग्री घेऊन पुन्हा गावात दवाखाना टाकणाऱ्याला आपल्याकडे अजूनही लोक जरा कीव केल्यासारखं बघतात. पण एडवर्डला जे सापडलं ते लंडनमध्ये बसून सापडणंच शक्य नव्हतं, कारण ते गोठ्यात होतं.

गावात तो घोड्यावरून खेडोपाडी फिरायचा. बासरी आणि व्हायोलिन वाजवायचा, कविता करायचा. १७८४ मध्ये त्याने बर्कलीच्या किल्ल्यातून हायड्रोजनचा फुगा उडवला. हंटरचं पत्र यायचं की थंडीत निपचित पडलेल्या काटेसायाळीचं तापमान मोजून कळव, आणि हा मोजायचा.

पण त्याचं पहिलं मोठं काम कुकू पक्ष्यावरचं. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तशी तिकडची कुकू छोट्या पक्ष्यांच्या घरट्यात घालते. मग यजमानाची स्वतःची अंडी आणि पिल्लं जातात कुठे? सगळ्यांची समजूत अशी की मोठी कुकू येऊन ती फेकते. एडवर्ड घरट्यांपाशी तासन्‌तास बसून राहिला आणि त्याने पाहिलं ते भलतंच होतं. नुकतं जन्मलेलं, डोळेही न उघडलेलं कुकूचं पिल्लूच इतर अंडी पाठीवर घेऊन घरट्याच्या काठापर्यंत ढकलत नेतं आणि खाली लोटून देतं. त्यासाठी त्याच्या पाठीवर खळगा असतो आणि बाराएक दिवसांनी तो भरून येतो, हेही त्याने टिपलं. हा निबंध १७८८ ला छापून आला आणि पुढच्या वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. तरी कित्येक जाणकारांना ही थाप वाटली, आणि विसाव्या शतकात कॅमेऱ्याने ते टिपलं तेव्हा कुठे वाद मिटला. बघा, लसीच्या आधीच त्याला सवय झाली होती: स्वतः बघायचं, लिहायचं आणि लोक हसले तर हसू द्यायचं.

आता येऊ गायींकडे. त्या भागात गायींच्या सडांवर कधी कधी फोड यायचे. धार काढणाऱ्या बायकांच्या हातांवरही ते उठायचे, दोन-चार दिवस कणकण यायची आणि बरं वाटायचं. ही ‘गायीची देवी’ एकदा होऊन गेली की माणसाला मोठी देवी होत नाही, असं गोठ्यात काम करणारी माणसं एकमेकांना सांगायची.

इथे एक प्रसिद्ध गोष्ट आहे. उमेदवारी करणाऱ्या तेरा वर्षांच्या एडवर्डला एका गवळणीने हे गुपित सांगितलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मास कॉमला आम्हाला पहिल्या सेमिस्टरपासून बजावतात की गोष्ट जितकी छान तितकी जास्त तपासा. ही तपासली तर गळून पडते. एडवर्डने स्वतःच्या पुस्तकात ती कुठेच लिहिलेली नाही. त्याच्या मृत्यूनंतर चरित्र लिहिणाऱ्या जॉन बॅरनमुळे ती पसरली. खरं काय, तर जवळच्याच गावातल्या जॉन फ्यूस्टर नावाच्या डॉक्टरला १७६८ च्या सुमारास आढळलं होतं की ज्या शेतकऱ्यांना गायीची देवी येऊन गेली त्यांना टोचलेली देवी लागतच नाही. त्याने ते स्थानिक डॉक्टरांना सांगितलंही होतं. १७७४ मध्ये बेंजामिन जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने तर साथ आल्यावर सरळ विणकामाची सुई घेतली आणि बायकोला न् दोन मुलांना गायीची देवी टोचून टाकली. तिघंही जगली. शेजारपाजाऱ्यांनी मात्र त्याची छी-थू केली, माणसाच्या अंगात जनावराची घाण घातली म्हणून.

मग एडवर्डने नवीन काय केलं? मला विचाराल तर त्याचं मोठेपण इथेच आहे. गावकऱ्यांचं म्हणणं अर्धवट खरं होतं. काहींना गायीचे फोड येऊनही नंतर देवी झालेली होती, आणि त्याच्या ओळखीतले डॉक्टर हाच दाखला देऊन विषय झटकून टाकत. एडवर्डने झटकला नाही. तो गोठ्यागोठ्यात जाऊन विचारत राहिला: फोड कसा होता, कुठल्या रंगाचा, कितव्या दिवशी? त्याच्या लक्षात आलं की सडांवरचे सगळे फोड एकाच रोगाचे नाहीत. एक ‘खरी’ गायीची देवी, बाकीचे दिसायला तसेच पण वेगळे आजार. आणि खऱ्या देवीचा फोडही ठराविक दिवसांतच उपयोगाचा. अडाणी समजूत म्हणून फेकून दिलेल्या एका गोष्टीतलं खरं आणि खोटं वेगळं काढायला त्याला जवळजवळ वीस वर्षं लागली.

मे १७९६ मध्ये सारा नेल्म्स नावाची धार काढणारी मुलगी हाताला फोड घेऊन त्याच्याकडे आली. तिच्या गायीचं नाव ब्लॉसम. (ब्लॉसमचं कातडं लंडनच्या सेंट जॉर्जेस मेडिकल कॉलेजात जपून ठेवलंय. एवढा मान किती गायींना मिळतो?) १४ मे रोजी एडवर्डने साराच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर दोन छोट्या चिरा देऊन त्यात घातला. नवव्या दिवशी जेम्सला थोडी थंडी वाजली, जेवण गेलं नाही. दहाव्या दिवशी तो पुन्हा टुणटुणीत.

इथपर्यंत ठीक. खरी परीक्षा १ जुलैला झाली. एडवर्डने त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचला आणि वाट बघितली. काही झालं नाही.

‘काही झालं नाही’ हे आपण आज आरामात वाचतो. पण झालं असतं तर? माळी मालकाला नाही म्हणू शकला असता का? आज कुठल्याही कॉलेजच्या एथिक्स कमिटीने हा प्रयोग पहिल्या पानावरच फेटाळला असता. एडवर्डच्या बाजूने एवढं म्हणता येतं की देवी टोचणं तेव्हा रोजचंच होतं, तो स्वतःही त्यातून गेला होता. स्वतःचा मुलगा तान्हा असताना त्यालाही त्याने डुकराच्या देवीसारखं काहीतरी टोचून असंच तपासलं होतं. तरी मनाला ते टोचतंच, आणि एक नाव तर हमखास गाळलं जातं. १७९८ मध्ये जॉन बेकर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाला त्याने घोड्याच्या संसर्गातून आलेला द्रव टोचला. पण त्याची पुढची परीक्षा घेता आलीच नाही. तो मुलगा गरिबांच्या आश्रमात तापाच्या साथीत सापडला आणि गेला. टोचणीमुळे गेला असं म्हणायला आधार नाही. पण लसीच्या इतिहासात जेम्सच्या शेजारी जॉनचंही नाव हवं. जेम्सला पुढे एडवर्डने राहायला घर दिलं, आणि एडवर्डच्या अंत्ययात्रेला तो हजर होता.

निष्कर्ष रॉयल सोसायटीकडे गेले आणि तिथून नकार आला. एका मुलावरून एवढा मोठा दावा? खरं सांगायचं तर तो नकार अगदीच चुकीचा नव्हता. पण तपासायला पुढे गायीची देवीच मिळेना. जवळजवळ दोन वर्षं त्या भागात रोगच नव्हता. १७९८ च्या वसंतात तो पुन्हा उगवला, एडवर्डने आणखी मुलांना टोचलं आणि एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या अशी साखळी चालवून पाहिली. त्याच वर्षी स्वखर्चाने पुस्तक छापलं. त्यात २३ केसेस होत्या. लॅटिनमध्ये गायीला ‘वाका’ म्हणतात, त्यावरून गायीच्या देवीला त्याने नाव दिलं आणि पुढे ‘व्हॅक्सिन’ शब्द जन्मला. कोव्हिशिल्ड घेताना आपण सगळे गायीचंच नाव घेत होतो! ‘व्हायरस’ हा शब्दही त्या पुस्तकात आहे, पण तेव्हा त्याचा अर्थ नुसता ‘विष’ असा होता. व्हायरस म्हणजे नक्की काय हे कळायला अजून शंभर वर्षं होती. एडवर्डने आपल्या शत्रूला कधी पाहिलंच नाही. १८९८ मध्ये, त्याच्या पुस्तकाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, जर्मनीत लोफ्लर आणि फ्रोश यांनी दाखवलं की बॅक्टेरियाही अडकतील अशा बारीक गाळणीतून आरपार जाणारं काहीतरी गुरांना आजारी पाडतं. तो प्राण्यांमधला सापडलेला पहिला व्हायरस. रोग कुठला? आपल्या गोठ्यातला जुना पाहुणा, लाळ्या-खुरकूत.

आता तुमच्या मनात येईल की ही युक्ती सगळीकडे का नाही चालत? त्याचं उत्तर व्हायरसांच्या घराण्यांत आहे. काहींचा ‘नकाशा’ डीएनएचा असतो, काहींचा आरएनएचा. देवीचं घराणं डीएनएवालं: माणसाची देवी, गायीची, घोड्याची, म्हशीची, शेळीची, मेंढीची, आणि लम्पीसुद्धा. हे व्हायरस आकाराने दांडगे, विटेसारखे, आणि स्वभावाने सावकाश बदलणारे. त्यामुळे चुलत भावंडांचे चेहरे खूप मिळतेजुळते राहतात. एकाला ओळखायला शिकलेलं शरीर दुसऱ्यालाही दारातच अडवतं. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी ही तिघं तर सख्खी भावंडंच. म्हणून २०२२ मध्ये शेळीची लस गायीला चालली.

आरएनएवाल्यांचं तसं नाही. ती मंडळी नक्कल करताना सारख्या चुका करतात आणि त्या चुकांतून रूप बदलत राहतात. वेहळोलीला आलेल्या बर्ड फ्लूच्या व्हायरसचा नकाशा तर आठ तुकड्यांत असतो. दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत भेटले की पत्त्यांसारखे तुकडे पिसून तिसराच तयार होतो. लाळ्या-खुरकूतचे सात प्रकार आहेत आणि एकाची लस दुसऱ्याला अडवत नाही. शिवाय तिचा जोर लवकर ओसरतो, म्हणून ती वर्षातून दोनदा द्यावी लागते. ह्याच बाजूला रेबीज आहे, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. तो कुत्रा, गाय, माकड, माणूस असा भेद करत नाही, सगळ्या सस्तन प्राण्यांना होतो. आणि इथेच बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि माणसांचा गोवर ही भावंडं बसतात. ह्या भावंडांत मात्र चेहरे पुष्कळ मिळतेजुळते राहिलेत, म्हणजे नियम काही अगदी काटेकोर नाही. पण एडवर्डने देवीऐवजी फ्लूच्या मागे आयुष्य घातलं असतं तर त्याचं नाव आपल्याला ठाऊकही नसतं. त्याचं नशीब चांगलं होतं, पण नशीब आलं तेव्हा तो वीस वर्षं गोठ्याच्या दारात उभा होता.

पुस्तक आलं आणि गदारोळ झाला. गायीचा द्रव घेतला तर माणसाला शिंगं फुटतील, पोरं हंबरू लागतील, असं शिकलेले डॉक्टरही म्हणू लागले. १८०२ मध्ये जेम्स गिल्रे या व्यंगचित्रकाराने काढलेल्या चित्रात लस घेतलेल्यांच्या नाकातून, दंडातून, कुल्ल्यांतून छोट्या गायी बाहेर पडताहेत. हसू येतं ना? लम्पीच्या वेळी दूध पिऊ नका, माणसालाही होईल, असे फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर आले होते की नाही ते आठवा. लम्पी माणसाला होत नाही. पण त्या मेसेजनी दूधवाल्यांचं नुकसान व्हायचं ते झालंच.

तरी लस पसरली, आणि कशी पसरली हे वाचून थक्क व्हायला होतं. फ्रीज नाही, बर्फाची पेटी नाही. जिवंत द्रव न्यायचा भरवशाचा मार्ग एकच, माणसाचा दंड. १८०३ मध्ये स्पेनच्या राजाने अमेरिकेकडे जहाज पाठवलं त्यात २२ अनाथ मुलं होती. वाटेत दर नऊ-दहा दिवसांनी पुढच्या दोघांना टोचायचं, म्हणजे पोचेपर्यंत द्रव ताजा. कुणी त्या मुलांना विचारलं नव्हतं.

आपल्याकडे ती त्याआधीच पोचली होती. दोऱ्यावर वाळवून पाठवलेला द्रव उन्हाने वाटेतच निकामी व्हायचा. शेवटी व्हिएन्नाहून बगदाद, तिथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई, असा तो आला. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस दिली गेली. भारतातली ही पहिली लस घेणारी, एका नोकराणीची मुलगी. तिच्या दंडावरच्या फोडातून पाच मुलांना, त्यांच्याकडून आणखी काहींना, असं करत लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली. ते वर्ष डोळ्यांपुढे आणा: ऑक्टोबरात होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला, डिसेंबरात वसईचा तह झाला. आपण इतिहासात तह पाठ करतो. त्याच महिन्यांत एका लहान मुलीच्या दंडावरून निघालेली साखळी गावोगाव चालली होती, आणि त्या साखळीतल्या बहुतेक मुलांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत.

एडवर्डने लसीचं पेटंट घेतलं नाही. बर्कलीच्या घराच्या बागेतल्या एका झोपडीत तो गरिबांना फुकट टोचायचा आणि त्या झोपडीला गमतीने गायीच्या देवीचं मंदिर म्हणायचा. ती अजून उभी आहे. जगभरची पत्रं लिहिता लिहिता त्याची प्रॅक्टिस बसली. लंडनला जाऊन पुन्हा जम बसवायचा प्रयत्नही फसला. पार्लमेंटने १८०२ मध्ये १० हजार आणि १८०७ मध्ये आणखी २० हजार पौंड दिले. भारतातूनही वर्गणी गेली, तिच्यात मुंबईचा वाटा होता. इंग्लंडशी लढत असलेल्या नेपोलियननेही सैन्याला लस टोचली आणि एडवर्डच्या विनंतीवरून काही इंग्रज कैदी सोडले.

एका बाबतीत तो हट्टाने चुकला. एकदा लस घेतली की जन्मभराचं काम झालं, असं तो शेवटपर्यंत मानत राहिला. पुढे लस घेतलेल्यांनाही बऱ्याच वर्षांनी देवी होताना दिसली आणि पुन्हा टोचावं लागतं हे मान्य करावं लागलं. ज्याने इतकी वर्षं दुसऱ्यांच्या समजुती तपासल्या, त्याला आपली ही समजूत काही तपासवली नाही.

शेवटची वर्षं उदास गेली. मोठा मुलगा १८१० मध्ये क्षयाने गेला, १८१५ मध्ये बायको कॅथरीनही त्याच रोगाने. तो गावाबाहेर फारसा पडेनासा झाला आणि पुन्हा पक्ष्यांकडे वळला. थंडीत पक्षी जातात कुठे, यावर तो लिहीत होता. २६ जानेवारी १८२३ ला पक्षाघाताने तो गेला तेव्हा ७३ वर्षांचा होता. पक्ष्यांच्या स्थलांतरावरचा त्याचा निबंध नंतर छापला गेला.

८ मे १९८० ला जगातून देवी संपल्याचं जाहीर झालं. २०११ मध्ये गुरांची बुळकांडी संपली. लसीच्या जोरावर माणसाने पूर्ण पुसून टाकलेले रोग अजून हे दोनच.

पण एडवर्डच्या बाटलीत नक्की काय होतं? गायीच्या देवीचं मूळ घोड्यात आहे असं तो म्हणायचा, त्यावर त्याची टिंगल झाली होती. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी १९०२ सालच्या एका अमेरिकन लसीचा नकाशा वाचला, तर तो घोड्याच्या देवीच्या अगदी जवळचा निघाला.

आणि त्या लसीचा वंश आपल्याकडे अजून असावा. भारतात देवीची लस म्हशींच्या रेडकांच्या कातडीवर वाढवली जायची. म्हशींना होणाऱ्या देवीचा व्हायरस त्या लसीतल्या व्हायरसचा इतका जवळचा निघतो की तो टोचणीतूनच कधीतरी गोठ्यात निसटला असावा, असा बऱ्याच शास्त्रज्ञांचा कयास आहे. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत त्याची साथ आली. म्हशींच्या सडांवर फोड, आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवर अगदी सारा नेल्म्ससारखेच फोड. १९८० च्या सुमारास देवीची टोचणी बंद झाली. आजी-आजोबांच्या दंडावर तिचा गोल व्रण असेल. तुमच्या दंडावर नाही.